चौकशी रद्द झाली, मग कंपनीला पुन्हा पुरावा कशाला?

वाचक भगिनीचं पत्र:

"वकीलसाहेब, नमस्कार. आम्ही रांजणगाव शेणपुंजीत भाड्यानं राहतो, मूळ गाव जालना जिल्ह्यात. आमचे हे जून 2011 पासून वाळूजच्या एका कंपनीत परमनंट होते. ऑक्टोबर 2022 मध्ये गावाकडं सोयाबीन काढणीला आलं आणि वरून पाऊस. सासऱ्यांचा एकट्याच्यानं उरक होईना, म्हणून ह्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. रात्रपाळीच्या सुपरवायझरनं नाही म्हणलं, वर आईवरून शिवी दिली. ह्यांनी त्याला ढकललं. तो रॅकवर आदळला, कपाळाला थोडं लागलं. लगेच सस्पेंड केलं, चार्जशीट दिली. उत्तरात ह्यांनी लिहून दिलं होतं की शिवी दिली म्हणून राग आला आणि हात लागला. मार्च 2023 मध्ये बडतर्फीचं पत्र आलं. कामगार कार्यालयात समेट झाला नाही म्हणून लेबर कोर्टात गेलो. चौकशीचे सगळे कागद इंग्रजीत होते, दोघांचे जबाब हे हजर नसताना घेतले होते. आता कोर्टानं सांगितलं की चौकशी बरोबर झालीच नाही. आम्ही पेढे वाटले. पुढच्या तारखेला कळलं की कंपनीला आता कोर्टात नव्यानं पुरावा द्यायची परवानगी मिळाली. मग आम्ही जिंकलो ते काय? आमचे वकील म्हणतात, 'सरळ सांगायचं, मी तिथं नव्हतोच, ढकललंच नाही.' कंपनीचा माणूस घरी येऊन चार लाख देतो म्हणून सांगून गेला. सासरे म्हणतात पैसे घे अन् गावाकडं ये. दीर म्हणतो खंडपीठात जा. ह्यांचा शेवटचा पगार 22,000 होता, त्यात बेसिक आणि डीए मिळून 15,600. सध्या दुसऱ्याची रिक्षा चालवतात. रात्र रात्र झोपत नाहीत. घरात दोन लेकरं आहेत. काय करावं?"

ताई, नमस्कार.

पेढे वाटले त्यात काहीच चुकलं नाही. ज्या चौकशीच्या जोरावर कंपनीनं तुमच्या यजमानांना घरी बसवलं, ती चौकशी कोर्टात टिकली नाही. जो कामगार या टप्प्यावर हरतो, त्याच्या हातात पुढं बहुतेक वेळा 'शिक्षा तरी कमी करा' एवढीच विनंती उरते. तुमच्या हातात त्याहून बरंच जास्त आहे.

मात्र कोर्टानं काय ठरवलं आणि काय ठरवलं नाही, हे नीट समजून घ्या. कोर्टानं ठरवलं ते एवढंच की कंपनीनं ज्या पद्धतीनं चौकशी केली ती न्याय्य नव्हती. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला इंग्रजी कागद दिले, साक्षीदारांचे जबाब त्याच्या माघारी घेतले, त्याला उलटतपासणीची संधी मिळाली नाही. त्यामुळे त्या चौकशीतले जबाब आणि चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल यांची किंमत आता शून्य. पण त्या रात्री सुपरवायझरला ढकललं की नाही, या प्रश्नाला कोर्टानं अजून हातच लावलेला नाही. तो प्रश्न आता उघडला आहे. आणि तो सिद्ध करायचा भार कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही.

हा नियम ऐकून तुम्हाला राग आला असेल. मला तो समजतो. चौकशी धड न करणाऱ्या मालकाला दुसरी संधी मिळते, आणि तोपर्यंत कामगाराच्या घरची चूल कशी पेटते हे कुणी विचारत नाही. पण हा नियम कुठून आला ते पाहिलं तर त्यात कामगाराच्या फायद्याचीही बाजू दिसते.

1950 च्या दशकात इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की मालकानं चौकशी करून कामगाराला काढलं असेल, तर कोर्टानं अपील ऐकल्यासारखं त्यात शिरायचं नाही. मालकाचा हेतू वाईट असेल, सूड उगवलेला असेल, चौकशीत मूलभूत चूक किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग असेल, किंवा निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल, तरच मध्ये पडायचं. शिक्षा किती, हा मालकाचा प्रश्न. 15 डिसेंबर 1971 पासून हे बदललं. त्या दिवशी औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ आलं, आणि बडतर्फी योग्य आहे की नाही हे स्वतः तपासण्याचा, शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. मग प्रश्न निघाला की आता मालकाला कोर्टात नव्यानं पुरावा देता येईल का? 1973 मध्ये फायरस्टोन टायर कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हो, चौकशी सदोष असेल किंवा झालीच नसेल तरी मालक कोर्टासमोर आरोप सिद्ध करू शकतो. नाहीतर मालक पहिली चौकशी टाकून देऊन पुन्हा दुसरी करणार, पुन्हा काढणार, आणि कामगार पुन्हा कोर्टाच्या पायरीवर उभा राहणार.

यातलं तुमच्या कामाचं असं आहे. आजवर तुमच्या यजमानांचं म्हणणं ऐकलं ते कंपनीनं नेमलेल्या माणसानं. आता पहिल्यांदा एक न्यायाधीश ऐकणार. सुपरवायझरला पिंजऱ्यात यावं लागेल, शपथेवर बोलावं लागेल, आणि त्याला विचारता येईल: तू त्या रात्री काय शब्द वापरलास? रजेचा अर्ज कुठं ठेवलास? लागलं ते किती, टाके पडले का, दुसऱ्या दिवशी तू कामावर होतास का? हे प्रश्न चौकशीत कुणी विचारूच दिले नव्हते.

एक तपासणी मात्र लगेच करा. कंपनीनं कोर्टात जी लेखी कैफियत दाखल केली आहे, तिच्यात 'चौकशी अयोग्य ठरल्यास आम्हाला कोर्टात पुरावा देण्याची परवानगी द्यावी' असा परिच्छेद आहे का, ते वकिलांकडून बघून घ्या. ही मागणी कैफियतीतच केलेली असावी, असं 2001 मध्ये कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं बहुमतानं सांगितलं आहे. बहुतेक कंपन्यांचे वकील हा परिच्छेद घालतातच. नसेल तर वकिलांनी लेखी हरकत नोंदवायला हवी. असेल तर त्या वाटेनं जाण्यात वेळ घालवू नका.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ. 'मी तिथं नव्हतोच, ढकललंच नाही.' ताई, हे सांगू नका. तुमच्या यजमानांच्या साक्षीत हे वाक्य गेलं तर केस तिथंच बुडेल असं मला मनापासून वाटतं.

पहिलं कारण कागदावरच आहे. चार्जशीटच्या उत्तरात त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय की शिवी दिली म्हणून हात लागला. चौकशी रद्द झाली म्हणून ते उत्तर पुसलं गेलं असं धरून चालू नका. कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच कागद त्यांच्यापुढं धरेल आणि विचारेल, ही सही तुमचीच ना? त्यानंतर शिवीबद्दल, पावसाबद्दल, रजेबद्दल ते जे काही खरं बोलतील, त्यावरही कोर्टाचा विश्वास बसणं अवघड होईल.

दुसरं कारण असं की इथं फौजदारी खटल्यासारखा 'संशयाचा फायदा' नसतो. घटना घडली असण्याची शक्यता जास्त वाटते की न घडल्याची, एवढंच पाहिलं जातं. पुरावा कायद्याचे कडक नियमही इथं जसेच्या तसे लागत नाहीत. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे अगदी स्पष्ट केलं. प्रवाशांच्या साक्षी झाल्या नव्हत्या, तरी तपासणी पथकाच्या माणसाचा जबाब पुरेसा धरला गेला. एसटीत काम करणारे वाचक हा निकाल ओळखत असतील, तिकिटांच्या प्रकरणांत तो हमखास पुढं येतो. तेव्हा सुपरवायझर आणि आणखी एखादा माणूस शपथेवर बोलला, कपाळाच्या जखमेची प्रथमोपचार नोंद निघाली, तर ढकलल्याचं सिद्ध व्हायला वेळ लागणार नाही. पोलिसात तक्रार झाली असेल आणि त्यातून ते निर्दोष सुटले, तरी तेवढ्यावर नोकरी परत मिळत नाही. दोन्हीकडची पुराव्याची पट्टी वेगळी आहे.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या केसचं खरं बळ घटना नाकारण्यात नाही, शिक्षेच्या प्रमाणात आहे. अकरा-बारा वर्षांची नोकरी, आईवरून शिवी, क्षणात गेलेला तोल, हातात हत्यार नाही, आधीचा कट नाही. एवढ्याला बडतर्फी शोभते का? हा प्रश्न कोर्टाला विचारायचा असेल तर आधी 'हो, मी ढकललं' हे म्हणावं लागतं. जो माणूस तिथं नव्हताच, त्याला चिथावणी कशी मिळणार?

इथं मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. वरिष्ठाच्या अंगावर हात टाकणं किंवा शिवीगाळ करणं याकडं कोर्टं हलकेपणानं बघत नाहीत. महिंद्रा अँड महिंद्राच्या एका प्रकरणात सुपरवायझरला अत्यंत घाण शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. खालच्या कोर्टांनी दाखवलेली दया अनाठायी आहे, असा त्या निकालाचा सूर आहे. त्याच वर्षी पुण्याच्या भारत फोर्जच्या कामगाराचा निकाल आला. तो कामाच्या वेळेत लोखंडी प्लेटवर झोपलेला सापडला होता. झोपण्याबद्दल बडतर्फी ऐकायला फार वाटते, पण त्याच्या नावावर आधीचीही तीन गैरवर्तनं होती, आणि ती त्याला भोवली. तीही बडतर्फी कायम राहिली.

पण महिंद्राच्या त्याच निकालात कलम 11-अ खाली कोर्टानं शिक्षेत हात कधी घालावा हेही सांगितलंय. शिक्षा इतकी अवाजवी असेल की न्यायबुद्धीला बोचेल तेव्हा, शिक्षा सौम्य करावी अशी काही परिस्थिती असेल तेव्हा, किंवा कामगाराची मागची वागणूक चांगली असेल तेव्हा. आणि 1982 चा रमाकांत मिश्रा विरुद्ध उत्तर प्रदेश हा निकाल तुमच्या बाजूनं बोलतो. त्या कामगारानं अधिकाऱ्याला धमकीवजा भाषा वापरली होती. चौदा वर्षांची नोकरी होती, आधी ठपका नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी काढून दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. त्यात अंगाला हात लागलेला नव्हता, तुमच्याकडं लागलाय, हा फरक कंपनीचा वकील दाखवणारच. त्याला उत्तर म्हणून चिथावणी भक्कमपणे सिद्ध करावी लागेल.

ती कशी, त्यावर जरा थांबतो, कारण इथंच तुम्ही घरी बसून काम करू शकता. सासऱ्यांच्या शेताचा सातबारा काढा. 2022 च्या खरीप हंगामाच्या नोंदीत सोयाबीन लावलेलं आहे का ते पाहा. नुकसानीचा पंचनामा झाला असेल, पीक विम्याचा अर्ज भरला असेल, तर तो कागदही काढा. रजा गंमत म्हणून मागितली नव्हती हे न्यायाधीशांना तोंडी सांगण्यापेक्षा तलाठ्याच्या कागदावरून दिसणं बरं. रजेचा अर्ज लेखी होता की व्हॉट्सअ‍ॅपवर? जुन्या मोबाइलमध्ये तो संदेश अजून असेल तर मोबाइल जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका.

कंपनीकडचे कागद मागण्यासाठी वकिलांनी कोर्टात अर्ज द्यायला हवा. त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण, प्रथमोपचाराचं रजिस्टर, त्या पाळीचं हजेरीपत्रक, आणि तुमच्या यजमानांची सेवापुस्तिका किंवा वैयक्तिक फाइल. चित्रण नष्ट झालं असं कंपनी म्हणेल. म्हणू द्या. हातात असलेला पुरावा कंपनीनं पुढं आणला नाही, तर तो तिच्याविरुद्ध गेला असता असा अर्थ कोर्टाला काढता येतो. फाइल मागायचं कारण वेगळं आहे. शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य आणि कामगाराची आधीची वागणूक लक्षात घ्यायची, असं स्थायी आदेशांतच, म्हणजे कंपनीतल्या नोकरीच्या नियमांतच आहे. बडतर्फीच्या पत्रात त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल एक तरी ओळ आहे का बघा. नसेल तर कंपनीनं तो विचारच केला नाही, हा मुद्दा तुमचा.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवा. त्याच कंपनीत याआधी मारामारी किंवा ढकलाढकली झाल्यावर दुसऱ्या कुणाला चार दिवस सस्पेंड करून किंवा ताकीद देऊन परत घेतलंय का? असं असेल तर एकाला ताकीद आणि दुसऱ्याला बडतर्फी का, हा प्रश्न कोर्टाला महत्त्वाचा वाटतो. सोबतचे कामगार साक्ष द्यायला घाबरतील. त्यांना दोष देऊ नका, त्यांचंही घर त्याच गेटवर चालतं. जो नोकरी सोडून गेलाय, किंवा निवृत्त झालाय, अशा कुणी शिवी ऐकली होती का, ते शोधा. एक खरा साक्षीदार पुरतो.

साक्षीच्या वेळी तुमच्या यजमानांनी आणखी एक सांगावं असं मला वाटतं. त्यांना त्या धक्क्याचं वाईट वाटतंय का? वाटत असेल तर शपथेवर तसं म्हणावं, सुपरवायझरचं नाव घेऊन म्हणावं. पढवून नाही. ज्या माणसाला पुन्हा त्याच विभागात कामाला पाठवायचंय, तो तिथं शांतपणे काम करील की नाही, हे न्यायाधीश मनात जोखत असतात.

तुमच्या वकिलांशी भांडू नका. नकार दिला की सिद्ध करायचा भार समोरच्यावर पडतो, असा त्यांचा हिशेब असणार, आणि पुष्कळ प्रकरणांत तो बरोबर असतो. तुमच्या प्रकरणात तो लागू पडत नाही, कारण लेखी उत्तर आधीच गेलंय. ते उत्तर घेऊन दोघं त्यांच्याकडं जा आणि हे शांतपणे बोला. तरीही ते खोटं बोलायलाच सांगत असतील, तर वकील बदलायचा तुम्हाला हक्क आहे. फीची अडचण असेल तर हे लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं साधा अर्ज करायचा. हा हक्क आपल्याकडं फार थोड्या कामगारांना माहीत असतो.

दिराला सांगा की खंडपीठात जायची ही वेळ नाही. चौकशी योग्य की अयोग्य, एवढ्या पहिल्या टप्प्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाऊन मूळ केस अडकवून ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं कूपर इंजिनिअरिंगच्या प्रकरणात 1975 मध्येच सांगितलंय. आणि तो निर्णय तर तुमच्या बाजूनं आहे, तुम्ही कशाविरुद्ध जाणार? शेवटचा निकाल विरोधात गेला तर औरंगाबाद खंडपीठाचं दार आहेच. पण तिथं साक्षीपुरावा नव्यानं तोलला जात नाही. खालच्या कोर्टानं कायदा चुकीचा लावला का, पुराव्याकडं डोळेझाक केली का, एवढंच बघतात. म्हणून जे काही सांगायचं, दाखवायचं आहे ते आत्ता, लेबर कोर्टातच.

निकाल काय लागू शकतो? आरोप सिद्धच झाला नाही तर पुन्हा कामावर आणि मागचा पगार. सिद्ध झाला पण शिक्षा जास्त वाटली, तर कामावर घ्या पण मागचा पगार नाही, किंवा काही टक्केच, किंवा वेतनवाढ रोखा, किंवा नोकरीऐवजी एकरकमी भरपाई. आणि सिद्ध झाला, शिक्षाही योग्य ठरली, तर बडतर्फी साधारणपणे मार्च 2023 पासूनच धरली जाते. मधल्या वर्षांचं काही हाती लागत नाही. ही शक्यता खरी आहे. चार लाखांचा विचार करताना ती विसरू नका.

त्या चार लाखांचा हिशेब करू. ग्रॅच्युइटी वेगळी काढा. बेसिक आणि डीए 15,600 ला 26 नं भागलं की दिवसाचे 600. पंधरा दिवसांचे 9,000. नोकरी जून 2011 ते मार्च 2023, म्हणजे अकरा वर्षं नऊ महिने. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून बारा वर्षं. 9,000 गुणिले 12, झाले 1,08,000. चार लाखांत ही रक्कम धरली असेल तर कंपनी प्रत्यक्षात 2,92,000 देतेय, म्हणजे जेमतेम तेरा महिन्यांचा पगार. उलट मार्च 2026 पर्यंतचे 36 महिने धरले तर पूर्ण मागचा पगार 7,92,000 होतो. तो पूर्ण मिळेलच असं नाही, अर्धा किंवा चौथाईही मिळू शकतो, अजिबात नाही असंही होऊ शकतं. पण पुढची वीस-बावीस वर्षांची नोकरी सोडायची किंमत म्हणून तेरा महिने मला कमी वाटतात. चौकशी रद्द झाल्यावरच माणूस घरी आला, हेही ध्यानात घ्या. कंपनीलाही आता धास्ती आहे.

तडजोड करण्यात कमीपणा नाही. सासऱ्यांचं म्हणणं मायेपोटी आहे आणि शेतीला हात हवेत हेही खरं. ठरवायचं ते तुम्ही दोघांनी. मात्र तडजोड करायची तर घरी आणलेल्या कागदावर सही करू नका. कोर्टापुढं, दोन्ही वकिलांच्या सहीनं, मराठीत लिहून. रकमेशिवाय त्यात हे हवं: ग्रॅच्युइटी वेगळी आणि पूर्ण मिळेल, बडतर्फीचा आदेश मागं घेऊन त्याऐवजी राजीनामा नोंदवला जाईल, सेवेचा दाखला मिळेल. बडतर्फीचा शिक्का राहिला तर वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा कुठंही नवीन काम मिळताना तो आडवा येईल. ग्रॅच्युइटीचं मुद्दाम लिहून घ्यायचं कारण असं की हिंसक वर्तनाबद्दल काढलेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी जप्त करायची तरतूद 1972 च्या जुन्या ग्रॅच्युइटी कायद्यात होती, तुमचं प्रकरण त्याच काळातलं आहे, आणि कंपन्या तिची भीती घालतात. पीएफला मात्र कंपनी हात लावू शकत नाही. तो तडजोडीच्या आकड्यात कुणी मिळवत असेल तर थेट नाही म्हणा.

रिक्षाचं. ती लपवू नका. मागच्या पगाराचा कायदा आज ज्या निकालावर उभा आहे, तो आपल्याच औरंगाबादच्या एका शिक्षिकेनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मिळवलाय. 2013 चं क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाचं ते प्रकरण. शाळा न्यायाधिकरणानं तिला दिलेला मागचा पगार खंडपीठानं काढून घेतला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं परत दिला. बेकायदा काढलेल्या माणसाला मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम आहे, असं त्यात सांगितलंय. कामगारानं शपथेवर सांगायचं की मला नोकरी नव्हती किंवा फार कमी पैशावर राबत होतो. मग तो आधीच्या पगाराएवढंच कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकावर जाते. म्हणून रिक्षाचं रोजचं भाडं, गॅसचा खर्च, हातात उरलेले पैसे, हे एका वहीत लिहून ठेवायला आजच सुरुवात करा. पोट भरायला रिक्षा चालवली म्हणून मागचा पगार आपोआप जात नाही. रिक्षा लपवली आणि कंपनीनं फोटो आणून दाखवला, तर जातो.

पुढं कामावर घ्यायचा निकाल लागला आणि कंपनी त्याविरुद्ध खंडपीठात गेली, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 17-ब प्रमाणे तिथली केस चालू असेपर्यंत शेवटचा पगार कंपनीनं द्यायचा असतो. त्यासाठीही दुसरीकडं नोकरी नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. तेही खरंच असायला हवं.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. या ताईंची केस जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आहे, तिथं कोर्टात यायला बडतर्फीपासून तीन वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. शिक्षा तपासण्याचा अधिकार तिच्यातही आहे, पण समेट अधिकाऱ्याला वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर कार्यवाही घेता येत नाही. अनुचित कामगार प्रथांच्या 1971 च्या राज्य कायद्याखाली तक्रार करायची तर मुदत फक्त 90 दिवसांची. हातात बडतर्फीचं पत्र पडलेल्यानं 'बघू पुढं' म्हणत गावाकडं बसू नये.

आणि ताई, त्यांच्या झोपेचं. न झोपता रिक्षा चालवणं धोक्याचं आहे, त्यांना आणि प्रवाशांनाही. तीन वर्षं हा माणूस स्वतःला दोष देतोय, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. घाटीच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात एकदा घेऊन जा, किंवा 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोलायला लावा. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. साक्षीला उभं राहायच्या आधी त्यांना ही मदत मिळाली तर फार बरं होईल.

पुढच्या तारखेआधी पहिल्या टप्प्याच्या निर्णयाची प्रमाणित प्रत काढा, कंपनीची कैफियत वाचून घ्या, कागद मागायचा अर्ज तयार करायला सांगा. आणि चार्जशीटला दिलेल्या त्या उत्तराची तुमच्याकडची झेरॉक्स शोधा. तिच्यावर कंपनीच्या आवक विभागाचा शिक्का आणि तारीख आहे का, ते सगळ्यात आधी बघा.